रेड्याचं रेकॉर्डिंग

आमचं आळे गाव लोकांना दोन कारणांनी ठाऊक असतं. पहिलं म्हणजे आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात, एसटी चहाला थांबते, कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं की गाव एवढंच. फाट्याने गावाचं नाव गिळलं म्हणा ना. दुसरं कारण बरंच जुनं. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तो त्या भावंडांबरोबर आळंदीच्या वाटेला लागला आणि आळ्यात त्याने देह ठेवला, अशी कथा आहे. त्याची समाधी आहे, मंदिर आहे, चैत्रात जत्रा भरते. साधुसंतांच्या समाध्या गावोगाव सापडतील. रेड्याच्या समाधीपुढे नारळ फोडायचा तर आमच्याकडेच यावं लागतं.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात मात्र या रेड्याला कोणी जागा दिलेली नाही. पुस्तकं एडिसनपासून सुरू होतात. १८७७ साली त्याने नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळला, त्यावर कोकराचं एक बालगीत म्हटलं आणि यंत्राने ते त्याला परत म्हणून दाखवलं. म्हणजे तिकडे यंत्राने जनावराचं गाणं म्हटलं. इकडे त्याच्या सहाशे वर्षं आधी जनावराने वेद म्हटले होते. कुठला पराक्रम मोठा ते ज्याचं त्याने ठरवावं. आमची बाजू एवढ्यासाठीच लंगडी पडते, की पठणाची प्रत कोणाकडे नाही.

माझे चुलते, तात्या, त्या काळात असते तर ही वेळ आली नसती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पंचक्रोशीत कुठेही अखंड हरिनाम सप्ताह असला की तात्या टेपरेकॉर्डर काखेत मारून हजर. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची, एवढंच त्यातलं तंत्र असं आम्हाला वाटे. पण खरं कसब जागा शोधण्यात होतं. यंत्र महाराजांच्या पुढ्यात ठेवलं तर टाळकऱ्यांच्या पायात येतं. कर्ण्याच्या तोंडाशी ठेवलं तर पखवाजाच्या धुमेवर थाप पडली की आवाज फाटतो. बऱ्याच सप्ताहांनंतर तात्यांना विणेकऱ्याच्या डाव्या अंगाला, गव्हाच्या पोत्यावर, सोयीची जागा सापडली. पोतं पखवाजाचा धक्का पिऊन टाकी. अशा कॅसेटींची पत्र्याची एक ट्रंक भरली आहे. प्रत्येकीच्या कागदावर तात्यांच्या अक्षरात महाराजांचं नाव, गावाचं नाव आणि गरज पडली तर शेरा: ‘पाऊस’, ‘लाइट गेली’, ‘काला, गर्दी’.

आता पुण्याला कॉम्प्युटरचं शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने ही ट्रंक डिजिटल करायला घेतली. तिथून घरात जो वाद पेटला तो अजून पुरता विझलेला नाही.

सुरुवात वेळावरून झाली. नव्वद मिनिटांचं कीर्तन या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर टाकायला त्याला चूळ भरण्याइतका वेळ लागतो. कॅसेटमधून कॉम्प्युटरमध्ये घ्यायला मात्र नव्वद मिनिटंच लागतात. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणार आणि ज्या चालीने भरली त्याच चालीने रिकामी होणार. तिला घाई करता येत नाही. शिवाय मध्येच ती अडकली तर बघायला कोणीतरी जवळ बसायला हवं. अशा रीतीने पोराने जन्मात पहिल्यांदा एक अख्खं कीर्तन सलग ऐकलं. तात्यांच्या मते डिजिटलचा झालेला एवढाच फायदा.

“तात्या, तुमच्या कॅसेटमधी नुसती खरखर हाय.”

“खरखर नाय ती. मांडव हाय तो.”

शास्त्राने पाहिलं तर दोघांचंही निम्मंनिम्मं खरं. आवाज म्हणजे हवेची थरथर. माइक त्या थरथरीची वीज करतो आणि टेपरेकॉर्डर ती वीज फितीवरच्या लोखंडाच्या गंजावर उतरवतो. गंजच तो, फक्त फार बारीक दळलेला. आवाज चढला की गंजाचं चुंबकपण चढतं, उतरला की उतरतं. मूळ थरथरीची लांबच्या लांब नक्कल फितीवर पडते. ही अॅनालॉगची रीत. पण गंजाचे कण एकसारखे नसतात, त्यांची स्वतःची कुजबुज चालूच असते, आणि ती महाराजांच्या आवाजात मिसळते. खरखरीतला हा भाग पुतण्याचा. कनातीवर पडणारा पाऊस, लांब चालणारा जनरेटर, बायकांच्या बाजूला रडणारं पोर, हा भाग तात्यांचा. दोन्ही एकाच फितीवर, एकमेकांत कालवलेले.

डिजिटलची रीत तलाठ्याची. तो शेत उचलून आणत नाही, मोजून आकडे आणतो. साध्या सीडीसाठी आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. माणसाच्या कानाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचं ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की भागतं. मग सरळ चव्वेचाळीस हजार का नाहीत, आणि वर हे शंभर कसले? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला हाताशी होत्या त्या व्हिडिओच्या फिती. चित्राच्या एका ओळीत तीन मापं, अशा वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, असं सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून बघा, बरोब्बर ४४,१०० येतो. म्हणजे डिजिटलच्या पायाभरणीतही एक फीत पुरलेली आहे. तात्यांना हे फार आवडलं.

पण त्यांची शंका कायम राहिली. “ह्या मापाच्या आन् त्या मापाच्या मधलं कुठं जातं?”

“मधलं कुठं जात नाय, तात्या. गणितानं परत येतं.”

इथे पोराची बाजू बळकट आहे. कानाच्या मर्यादेतला आवाज पुरेशा वेळा मोजला, तर दोन मापांमधली सगळी वळणं त्या मापांवरून नेमकी परत काढता येतात, हे क्लॉड शॅननने १९४९ साली गणिताने मांडून ठेवलं आहे. डिजिटल आवाज जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांचा असतो आणि पायऱ्यांमधलं संगीत खाली सांडतं, असं सांगणारे शौकीन पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडची यंत्रंही महाग असतात. तरी ते खरं नाही.

डिजिटलचं हे माप पुतण्याला पुस्तकाआधी खोडदने शिकवलं. आळ्याहून नारायणगाव आणि तिथून आत खोडद. तमाशाच्या सुपाऱ्या जिथे ठरतात त्या गावापासून हाकेच्या अंतरावर आकाशाला कान लावून बसलेल्या तीस थाळ्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांनी कल्पिली आणि उभी केली. जुन्नर-आंबेगावातलं शाळकरी पोर एकदा तरी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला तिथे जाऊन येतंच. थाळीत येतात त्या रेडिओलहरी. आवाज त्यात नसतो, पण करायचा म्हटलं तर करता येतो. एक स्पंदक तारा असा आहे की त्याचे ठोके आवाजात बदलले तर मिनिटाला सुमारे ८४ पडतात. टाळकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, चालीला बरी लय आहे. वेला नावाच्या तारकासमूहातला दुसरा सेकंदाला अकरा ठोके मारतो, त्याच्यापुढे आपला पखवाजी हात टेकेल. २०१६ च्या ऑक्टोबरात युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदला टिपत होते. उतरण्याच्या जरा आधी तो तुटला. यान आपटलं होतं. मंगळावरच्या अपघाताची पहिली कुणकुण जुन्नर तालुक्याला लागली, हे आमच्या फाट्यावर अजून कोणाला सांगून पटत नाही.

आणि या खोडदला दोन्ही रीती गुण्यागोविंदाने नांदतात. थाळीत आलेला सिग्नल काचेच्या तारांमधून मुख्य इमारतीपर्यंत येतो तो अॅनालॉग रूपातच. आकडे होतात ते तिथे पोचल्यावर. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, “म्हंजी मांडवात आमचं, हापिसात तुमचं.”

डिजिटलचं माप चोख, इथपर्यंत मी पोराच्या बाजूने. पुढे त्याने जे केलं त्यात नाही. खरखर काढायचं एक साधन त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. नुसत्या खरखरीचा नमुना त्याला दाखवायचा, की ते सबंध कॅसेटमधून तेवढी वजा करतं. नमुना म्हणून पोराने कीर्तन उभं राहण्याआधीचे तीन सेकंद निवडले. त्या तीन सेकंदांत जनरेटर होता, वारा होता, वीणेचा झणकार विरत होता आणि कोणीतरी ‘माउली, सरका’ म्हणत होतं. यंत्राने हे सारं खरखर म्हणून मनावर घेतलं आणि पुढची नव्वद मिनिटं जिथे जिथे तसलं काही दिसलं तिथे कात्री लावली. टाळांचा नाद आणि फितीची सळसळ वरच्या पट्टीत शेजारी-शेजारी राहतात, यंत्राला त्यांच्यातला बांध दिसत नाही. दोनशे टाळ गेले. उरले ते एकटे महाराज, घशातली खळखळ ऐकू येईल इतके स्वच्छ, आणि दर ‘विठ्ठल’नंतर एक मुकी जागा, जिथे आधी गाव होतं.

तात्यांनी ऐकलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सप्ता झाला का नाय मग त्या साली?”

यावर आणखी वरताण म्हणजे व्हॉट्सअॅपवर पाठवायची एमपी थ्री. सीडीचा आवाज सेकंदाला चौदाशे अकरा किलोबिट मागतो. एमपी थ्री त्याचं १२८ मध्ये भागवतं, म्हणजे अकराव्या हिश्शात. कानाला जे चुकल्यासारखं वाटणार नाही ते टाकून द्यायचं, हे त्याचं तत्त्व. ते घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या जर्मन अभियंत्याने सुझान व्हेगा या गायिकेचं बिनसाथीचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपली कात्री परजली. एकट्या बाईचा गळा, साथीला काही नाही. त्याला एखादा काल्याचा दिवस ऐकवायला हवा होता.

आता कॉपीचा मुद्दा. इथे अॅनालॉगवाल्यांनी बोलूच नये. पूर्वी फाट्यावर कॅसेट भरून मिळे. आपण गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. कोणाची तरी कॉपी, तिचीही कॉपी; चौथ्या घरी पोचेपर्यंत गायक कांबळं पांघरून गातोय असं वाटे. डिजिटलची हजारावी प्रत पहिलीसारखीच असते, कारण नक्कल आकड्यांची होते, आणि आकडा एक तर बरोबर असतो नाही तर चूक. चूक पकडायचीही सोय असते. सीडीवर मूळ आकड्यांबरोबर पडताळ्याचे जादा आकडे विखरून ठेवलेले असतात, म्हणून अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडला तरी गाणं अडखळत नाही.

आणि इथे मला आमच्या रेड्याची आठवण येते. वेद हजारो वर्षं न लिहिता टिकले ते नेमक्या याच युक्तीवर. नुसती संहिता पाठ करून वैदिक थांबले नाहीत. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि सर्वांत अवघड घनपाठ असे एकावर एक पहारे बसवले. घनपाठात पहिला शब्द-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असं एकेक पाऊल पुढे जायचं. एखादा शब्द घसरला तर पुढच्या फेऱ्यात दात दाखवल्याशिवाय राहत नाही. स्वरांच्या पायऱ्याही मोजक्या: उदात्त, अनुदात्त, स्वरित. सीडीला ६५,५३६ लागतात, वेदांचं तिघांवर भागलं. याला डिजिटल म्हणायचं नाही तर कशाला? रेड्याने संहिता म्हटली की घनपाठ, याबाबत कथा गप्प आहे. पण जे म्हटलं ते डिजिटल होतं, हे मी कोणाही तज्ज्ञापुढे सांगायला तयार आहे.

त्याच माउलींच्या ज्ञानेश्वरीचं नशीब मात्र कॅसेटीचं. १२९० साली नेवाशाला ती सांगून झाली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे प्रतींवरून प्रती निघाल्या. कोणाचा शब्द सुटला, कोणी पदरची ओवी घातली. तीनशे वर्षांत एवढी खरखर साचली की १५८४ साली एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ तयार करावा लागला. वर, आता यात कोणी आपली भर घालू नये अशी तंबीही त्यांनी देऊन ठेवली. कॅसेटवर पुन्हा कोणी काही भरू नये म्हणून पाठीमागचं प्लॅस्टिकचं दातकं मोडून टाकतात, तसंच ते. एकनाथ पैठणचे, हे सांगायला हवंच असं नाही.

गाणं बहुतेक गळ्यातून गळ्यात गेलं, आणि त्याला पडताळ्याची सोय नव्हती. गवई अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. त्यांचं ध्वनिमुद्रण नाही, म्हणजे ते आणि आमचा रेडा एका पंगतीत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. त्यांचं भैरवीतलं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेलं. तांब्याची सोन्याने मढवलेली तबकडी, मिनिटाला साडेसोळाच्या वर फेरे, सोबत सुईसकट कार्ट्रिज, आणि झाकणावर ती कशी लावायची याची चित्रं. साफ अॅनालॉग. यानाच्या पोटात माहिती साठवायला त्या वेळी डिजिटल टेपरेकॉर्डर होता. पण परक्यासाठी निरोप ठेवायचा म्हटल्यावर नासाने खाच आणि सुईच निवडली. हिशेब सरळ आहे. आकड्यांची किल्ली हरवली तर आकडे नुसते पडून राहतात. खाचेवरून मात्र काहीही टोकदार फिरवलं की काही ना काही बोलतं. दोन्ही यानं निघाल्यावर अकराव्या दिवशी केसरबाई गेल्या. पहिल्या क्रमांकाचं यान आता २४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथे तबकडी वाजवायला कोण भेटेल कोण जाणे, पण भेटला तर त्याला ड्रायव्हर डाउनलोड करावा लागणार नाही.

आपल्याकडे उलटंही घडलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या शेकडो बायकांचे आवाज मुद्रित केले, शंभराहून जास्त तास. तेव्हाची नवलाई होती डॅट, म्हणजे फितीवरच पण आकडे. जुन्या कॅसेटीपेक्षा आवाज कितीतरी नितळ. आणि झालं काय? सोनीने २००५ साली डॅटची यंत्रं बनवणं थांबवलं. तात्यांची गंजकी कॅसेट जुन्या बाजारातल्या कुठल्याही टेपवर आजही बोलते; तिची हुशार धाकटी बहीण मुकी व्हायला आली होती. ओव्या वेळेत उतरवून घेतल्या गेल्या, आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात कोणालाही ऐकता येतात. ज्या आजींनी त्या म्हटल्या त्यांना जात्यावर बसल्याशिवाय ओवी आठवत नसे, हा आणखी निराळाच प्रकार. जातं हेच त्यांचं प्लेचं बटण.

आमच्या घरातला तंटा शेवटी एका भोकावर येऊन अडला. तात्यांच्या लाडक्या कीर्तनात पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाजू संपते. बटण खट्कन वर येतं, पण तात्या त्या दिवशी रंगात होते, त्यांना ते उशिरा कळलं. अर्धं चरण गेलं. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा मांडव हसत असतो, कशाला ते समजत नाही. पुतण्या म्हणाला, महाराजांच्या आवाजावरून कॉम्प्युटरच ही जागा भरून देईल. तात्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि म्हणाले, मी काय मेलोय का? त्यांना सगळं तोंडपाठ होतं, चरण आणि त्यानंतरचा विनोदही.

पोराने मोबाइल समोर धरला, तात्यांनी म्हटलं, आणि घोटाळा लक्षात आला. तात्यांचा टेप सेलवर चाले आणि सेल स्वस्त नव्हते. उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात तापवून पुन्हा घालायचे, अगदी मान टाकीपर्यंत. सेल उतरला की मोटर मंदावते, महाराजांचा स्वर घरंगळत खाली जातो. कधीकधी तो इतका खाली जाई की वेद म्हणणाऱ्या रेड्याचा आवाज कसा असेल याचा आमच्या घरात सगळ्यांना अंदाज आहे. तात्यांनी कीर्तन पाठ केलं ते हेच, मंदावलेलं. चाल बरोबर, शब्द बरोबर, विनोदाचा नेमही बरोबर, पण सगळं दोन स्वर खाली आणि संथ.

“तात्या, ह्ये एका क्लिकमधी वर घेतो.”

“हात लावू नको. ऐकलंय तसं म्हणलंय.”

“बरं, पंखा तरी बंद करून पुन्हा म्हणा.”

“उकडतंय.”

म्हणून आता त्या फाइलमध्ये पंचेचाळिसाव्या मिनिटाला महाराजांचा आवाज एकदम उतरतो, मागे पंखा गरगरायला लागतो, विनोद होतो, आणि तीस वर्षांपूर्वीचा मांडव त्यावर खो-खो हसतो.